व्हॉल्व्ह २० सेकंदांत बंद केला तरी ११० मीटर वाढ? वॉटर हॅमरचं मॉडेल तपासून हवं आहे

समतल

एकाच पाइपलाइनचं वॉटर हॅमरचं (प्रवाह अडल्यावर पाइपमध्ये पळणाऱ्या दाबलाटांचं) मॉडेल केलं आहे. मेथड ऑफ कॅरॅक्टरिस्टिक्स (लाटेच्या मार्गावरून समीकरणं सोडवायची पद्धत), एकमितीय. माहिती अशी:

पोलादी पाइप, लांबी १२०० मीटर, आतला व्यास ५०० मिमी, पत्रा ८ मिमी, सगळीकडे जमिनीत घट्ट अडकवलेला. वरच्या टाकीची पातळी पाइपच्या अक्षापासून ८० मीटर, खालच्या टाकीची ७४.६ मीटर. स्थिर प्रवाहाचा वेग १.५ मी/से, म्हणजे ०.२९४५ घनमीटर प्रतिसेकंद. डार्सी घर्षणांक ०.०१८. खालच्या टोकाला बटरफ्लाय व्हॉल्व्ह.

व्हॉल्व्ह क्षणात बंद केला तर हेड (पाण्याच्या स्तंभाच्या उंचीत मोजलेला दाब) १७५ मीटरने वाढतं, ते समजतं. पण व्हॉल्व्ह २० सेकंदांत एकसारख्या दराने बंद केला तरी मॉडेल सुमारे ११० मीटर वाढ दाखवतंय. मिशोच्या सूत्राने (२ × लांबी × वेग ÷ (गुरुत्व × बंद होण्याचा काळ)) फक्त १८ मीटर येतात. सहा पटींचा फरक. शिवाय नंतरच्या लाटेत व्हॉल्व्हपाशी हेड उणे ३० मीटर होतंय. यातलं खरं काय मानायचं?

शीर्षरेषा

आधी लाटेचा वेग तपासू, कारण बाकी सगळं त्यावर उभं आहे.

पाण्याचा बल्क मॉड्युलस २.१ गिगापास्कल आणि घनता १००० घेतली, तर मोकळ्या पाण्यात लाटेचा वेग १४४९ मी/से. पाइपचा पत्रा ताणला जातो म्हणून तो घटतो. (बल्क मॉड्युलस × व्यास) ÷ (पोलादाचा यंग मॉड्युलस × जाडी) = (२.१ × ०.५) ÷ (२०० × ०.००८) = ०.६५६. पाइप लांबीभर अडकवलेला आहे, म्हणून याला १ वजा पॉयसन गुणोत्तराचा वर्ग, म्हणजे ०.९१ ने गुणायचं: ०.५९७. आता १४४९ ला १.५९७ च्या वर्गमुळाने भागा. ११४७ मी/से. जागोजागी एक्स्पान्शन जॉइंट असते तर गुणक १ धरावा लागला असता आणि वेग ११२६ आला असता. आधार कसे आहेत त्यावरून दोन टक्क्यांचा फरक पडतो, त्यापेक्षा जास्त नाही. कोर्टेवेग यांनी हे १८७८ मध्ये मांडलं.

यावरून जुकोव्स्कीचं सूत्र (क्षणात बंद केल्यावरची वाढ = लाटेचा वेग × प्रवाहाचा वेग ÷ गुरुत्व): ११४७ × १.५ ÷ ९.८१ = १७५.४ मीटर. लाट वरच्या टाकीपर्यंत जाऊन परत यायला २४०० ÷ ११४७ = २.०९ सेकंद. तुमचा १७५ चा आकडा बरोबर आहे.

आता २० सेकंदांचं. तुमचं मॉडेल बरोबर आहे, मिशोचं सूत्र इथे लागू होत नाही. त्या सूत्रात प्रवाह पूर्ण २० सेकंद एकसारखा कमी होत जातो असं धरलेलं आहे. तुमच्याकडे एकसारखा कमी होतोय तो व्हॉल्व्हचा उघडेपणा (पूर्ण उघडा १, बंद ०), प्रवाह नाही. या दोघांत जमीन-अस्मानाचा फरक आहे, आणि इथेच बहुतेकांची फसगत होते.

दोन टाक्यांत फरक आहे ५.४ मीटरचा. त्यातले ४.९५ मीटर पाइपच्या घर्षणात जातात, व्हॉल्व्ह आणि बारीकसारीक नुकसान मिळून उरतात ०.४५ मीटर. म्हणजे पूर्ण उघडा असताना या व्हॉल्व्हचं प्रवाहावर जवळपास काहीच नियंत्रण नाही. तो अर्धा मिटला तरी प्रवाहाला फारसा फरक पडत नाही.

हातानेही पडताळता येईल. दर २.०९ सेकंदांनी एक पायरी घ्या (अलिएव्हींची साखळी समीकरणं). घर्षण व्हॉल्व्हपाशी एकवटलंय असं धरलं, तर प्रत्येक पायरीला दोन नाती पाळायची:

मागची हेड-वाढ + आत्ताची हेड-वाढ = १७५.४ × (प्रवाहाच्या गुणोत्तरात झालेली घट)

५.४ + आत्ताची हेड-वाढ = प्रवाह-गुणोत्तराचा वर्ग × (४.९५ + ०.४५ ÷ उघडेपणाचा वर्ग)

सोडवत गेलं की असं मिळतं (काही पायऱ्या गाळून):

उघडेपणा ०.५२: प्रवाह ९८ टक्के, वाढ ०.९ मी
उघडेपणा ०.३१: प्रवाह ९४ टक्के, वाढ ३ मी
उघडेपणा ०.२१: प्रवाह ८८.५ टक्के, वाढ ६.५ मी
उघडेपणा ०.१०५: प्रवाह ७३.६ टक्के, वाढ १९.६ मी
उघडेपणा ०: प्रवाह ०, वाढ ०.७३६ × १७५.४ − १९.६ = १०९.५ मी

शेवटच्या दोन ओळी नीट पाहा. शेवटचे २.०९ सेकंद उरलेले असताना पाइपमध्ये अजून तीन चतुर्थांश प्रवाह चालू आहे. २० सेकंदांपैकी १८ सेकंद व्हॉल्व्ह फिरत होता, पण खरं काम शेवटच्या दोन सेकंदांत झालं. म्हणून तो जवळजवळ ‘क्षणात बंद’ केल्यासारखाच वागतो.

प्रवाही

शीर्षरेषा यांच्या हिशोबाला एक पुरवणी. काही जण प्रत्येक उघडेपणासाठी स्थिर प्रवाह काढतात आणि त्यावरून वक्र आखतात. तसं केलं तर ०.१०५ उघडेपणाला ३४ टक्केच प्रवाह मिळतो आणि वाढ ६० मीटरच्या आत असेल असा समज होतो. पाण्याचा १२०० मीटरचा स्तंभ, म्हणजे सुमारे २३६ टन वस्तुमान, इतक्या चटकन मंदावत नाही. व्हॉल्व्हपाशी हेड वाढतं आणि तेच जास्तीचं हेड अरुंद फटीतून पाणी ढकलत राहतं. त्यामुळे स्थिर प्रवाहाचा वक्र नेहमी आशावादी निघतो.

समतल

समजलं. मग बंद करायचा वेळ वाढवणं हाच उपाय का? आणि व्हॉल्व्हचा खरा वक्र मॉडेलमध्ये कसा भरायचा?

प्रवाही

वेळ वाढवून फायदा होतो, पण वेळ कुठे खर्च करायचा ते जास्त महत्त्वाचं. याच पाइपलाइनसाठी, त्याच दोन समीकरणांनी:

एकसारख्या दराने ४० सेकंद: वाढ ४९ मीटर.

दोन टप्प्यांत ४० सेकंद (पहिल्या १० सेकंदांत उघडेपणा १ वरून ०.१ वर, उरलेल्या ३० सेकंदांत ०.१ वरून ०): वाढ २५ मीटरच्या आसपास, आणि तीही टप्पा बदलतो त्या क्षणी. शेवटाला जवळपास काहीच नाही.

एकूण वेळ तोच, वाढ निम्मी. टप्पा बदलायची जागा आणि पहिल्या टप्प्याचा वेग मागेपुढे करून दोन्ही शिखरं सारखी करता आली तर आणखी खाली येईल. मात्र ‘०.१ उघडेपणा’ हा प्रवाहक्षमतेचा आहे, तबकडीच्या कोनाचा नाही. बटरफ्लायमध्ये कोन आणि क्षमता यांचं नातं सरळ रेषेचं नसतं. उत्पादक कोनागणिक प्रवाह-गुणांकाचं कोष्टक देतो, ते घ्या, प्रत्येक आकड्याला पूर्ण उघड्या अवस्थेच्या आकड्याने भागा. मग ॲक्चुएटरचा कोन-विरुद्ध-काळ वक्र त्यात घाला. शेवटच्या १५ अंशांत कोष्टकाच्या नोंदी विरळ असतील तर मधल्या किंमती सरळ रेषेने भरू नका. शिखर नेमकं त्याच पट्ट्यात ठरतं, तिथली चूक थेट उत्तरात उतरते.

ॲक्चुएटर हायड्रॉलिक असेल तर मोठ्या दाबफरकाखाली तो ठरल्या वेगाने फिरतो का, तेही विचारून घ्या. तबकडीवर येणारा पाण्याचा पीळ मधल्या कोनांत व्हॉल्व्ह बंद करण्याच्या दिशेने ओढतो.

जालबिंदू

मूळ धाग्यात जाळीचा उल्लेख नाही, म्हणून विचारतो. किती भाग घेतलेत आणि कूरांट संख्या (लाटेचा वेग × काळाची पायरी ÷ भागाची लांबी) किती?

समतल

४० भाग, प्रत्येकी ३० मीटर. काळाची पायरी ०.०२६१५ सेकंद. कूरांट संख्या नेमकी १.

जालबिंदू

मग ठीक. एक छोटी पडताळणी करून घ्या. प्रवाह-हेड गुणक = लाटेचा वेग ÷ (गुरुत्व × क्षेत्रफळ) = ११४७ ÷ (९.८१ × ०.१९६३५) = ५९५.५. त्याला प्रवाहाने गुणलं की १७५.४ यायलाच हवेत. प्रत्येक भागाचं घर्षण ०.१२४ मीटर, चाळीस भागांचं ४.९५. हे दोन आकडे जुळले की निम्मा कोड बरोबर आहे.

दुसरी पडताळणी: घर्षण शून्य करा, व्हॉल्व्ह क्षणात बंद करा, बाष्पदाबाची मर्यादा काढून टाका. व्हॉल्व्हपाशी हेडचा आलेख चौकोनी लाटेचा यायला हवा, ४.१८ सेकंदांच्या आवर्तनाचा, आणि शंभर आवर्तनांनंतरही कोपरे तसेच धारदार. कोपरे गोल होत असतील तर कुठेतरी इंटरपोलेशन (बिंदूंमधल्या किंमती अंदाजाने भरणं) शिरलं आहे. कूरांट संख्या ०.८ ठेवून सरळ रेषेचं इंटरपोलेशन केलं तर लाट हळूहळू विरते आणि पाहणाऱ्याला वाटतं की घर्षणच काम करतंय.

वेगवेगळ्या पाइपांचं जाळं असेल तर सगळीकडे कूरांट १ जमत नाही. तिथे इंटरपोलेशनपेक्षा एकेका पाइपचा लाटवेग दोन-तीन टक्क्यांनी सरकवणं बरं. तो तसाही त्याहून अचूक माहीत नसतो.

शीर्षरेषा

उणे ३० मीटरचं राहिलं. हे हेड प्रत्यक्षात येऊच शकत नाही. २० अंश तापमानाला पाण्याचा बाष्पदाब २.३४ किलोपास्कल (निरपेक्ष), म्हणजे समुद्रसपाटीला वातावरणाच्या तुलनेत उणे १०.१ मीटर. त्याखाली पाणी उकळतं, स्तंभ तुटतो. तुमच्या मॉडेलने ते न थांबवल्यामुळे तिथून पुढचा आलेख सगळा निरर्थक आहे. पहिलं शिखर मात्र खरं, कारण ते स्तंभ तुटण्याच्या आधीचं.

सोपी पद्धत डीव्हीसीएम (डिस्क्रीट व्हेपर कॅव्हिटी मॉडेल, म्हणजे बाष्पाच्या पोकळ्या जाळीच्या बिंदूंवरच धरायच्या): ज्या बिंदूवर हेड बाष्पदाबाखाली जाईल तिथे ते बाष्पदाबाला खिळवा. मग धन लक्षणरेषेवरून (प्रवाहाच्या दिशेने जाणाऱ्या लाटेचा मार्ग) डावीकडचा प्रवाह आणि ऋण लक्षणरेषेवरून (उलट दिशेचा मार्ग) उजवीकडचा प्रवाह वेगवेगळा काढा, त्यांच्या फरकातून पोकळीचं आकारमान वाढवत-घटवत न्या. आकारमान शून्याखाली गेलं की पोकळी मिटली, पुन्हा नेहमीचं गणित.

काय होतं ते क्षणात बंद होण्याच्या प्रकरणात स्वच्छ दिसतं (घर्षण सोडून, पाइप आडवा धरून). लाट परतून आल्यावर स्तंभ १.५ मी/से वेगाने व्हॉल्व्हपासून दूर जाऊ पाहतो. हेड ८० वरून उणे १० पर्यंतच उतरू शकतं. ९० मीटरची ही उतरण वेगातले ०.७७ मी/से खाते, म्हणून उरलेल्या ०.७३ मी/से वेगाने पोकळी वाढत जाते. २.०९ सेकंदांत ०.३ घनमीटर. पुढच्या फेरीत स्तंभ ०.८१ मी/से वेगाने उलटा येतो, १.८९ सेकंदांत पोकळी मिटवतो आणि आदळतो: हेड उणे १० वरून ८५. त्यानंतर पाव सेकंदही होत नाही तोच टाकीकडून परतलेली ९० ची लाट बंद टोकावर येऊन दुप्पट होते: ८५ + १८० = २६५ मीटर.

पहिलं शिखर होतं २५५. म्हणजे स्तंभ तुटल्यावरचा धक्का जुकोव्स्कीच्या मर्यादेच्या वर गेला. ‘बाष्पदाबाने हेड अडवलं म्हणजे सुरक्षित बाजूला आहोत’ असं कुणी म्हणालं तर हा हिशोब दाखवा.

जालबिंदू

याच्याशी निगडित एक सावधगिरी. डीव्हीसीएममध्ये पोकळीचं आकारमान त्या बिंदूभोवतीच्या भागाच्या दहा टक्क्यांच्या आत राहायला हवं, कारण लाटेचा वेग आणि भागाची लांबी आपण बदलत नाही. ४० भागांत एका भागात ५.९ घनमीटर पाणी, त्यात ०.३ म्हणजे ५ टक्के. चालेल. हाच पाइप २०० भागांत चिरला तर एका भागात १.१८ घनमीटर, पोकळी २५ टक्के. अचूकता वाढवायला जाळी बारीक केली आणि मॉडेल बिघडलं, असं इथे घडतं. शिवाय शेजारशेजारच्या बिंदूंवर छोट्या पोकळ्या वेगवेगळ्या क्षणी मिटून आलेखावर सुयांसारखी खोटी शिखरं उमटतात.

डीजीसीएम (डिस्क्रीट गॅस कॅव्हिटी मॉडेल) वापरलं तर त्या सुया बऱ्याच कमी होतात. प्रत्येक बिंदूवर अगदी थोडा वायू ठेवायचा, वातावरणीय दाबाला आकारमानाच्या एक कोटीव्या हिश्शाइतका, आणि तो समतापी नियमाने फुगू-दबू द्यायचा. माझं मत विचाराल तर नव्याने कोड लिहिताना थेट डीजीसीएमच लिहावं. काळाच्या सरासरीचा भारांक १ च्या जवळ ठेवा. ०.५ ठेवला तर आलेख थरथरतो.

नवशिका_द्रव

पाण्यात थोडी हवा असतेच. ती धक्का शोषून घेत नाही का?

शीर्षरेषा

लाटेचा वेग कमी करते, हे खरं. वातावरणीय दाबाला ०.१ टक्का मोकळी हवा असेल तर याच पाइपमध्ये वेग ११४७ वरून ३०५ मी/से पर्यंत पडतो. पण तीच हवा ७५ मीटर हेडखाली दबून आठपट लहान होते आणि वेग परत १०५० वर येतो. म्हणून भरलेल्या, दाबाखालच्या लाइनमध्ये तिच्यावर विसंबून डिझाइन करू नये. उंचवट्यावर अडकलेला हवेचा मोठा गोळा तर वेगळंच प्रकरण. तो उशीसारखा दबतो, स्तंभाला वेग घेऊ देतो आणि शेवटी जास्त जोराचा धक्का देऊ शकतो. त्याला डीजीसीएममध्ये न मिसळता स्वतंत्र सीमा-अट द्या.

पोलादपत्रा

पाण्याची बाजू झाली, आता पत्र्याची.

२५५ मीटर हेड म्हणजे २.५ मेगापास्कल. परिघी ताण = दाब × व्यास ÷ (२ × जाडी) = ७८ मेगापास्कल. २० सेकंदांच्या प्रकरणात १९० मीटर, ५८ मेगापास्कल. साध्या सौम्य पोलादाला दोन्ही सोपे. फुटण्याची भीती पत्र्याला नाही, जोड, गॅस्केट आणि व्हॉल्व्हच्या दाबवर्गाला आहे. त्यांची यादी करून सगळ्यात कमकुवत आकड्याशी तुलना करा.

ऋण दाबाकडे मात्र दुर्लक्ष होतं. आधाराविना लांब नळी बाहेरच्या दाबाखाली चपटी होण्याचा दाब = २ × यंग मॉड्युलस ÷ (१ − पॉयसनचा वर्ग) × (जाडी ÷ मध्य व्यास) चा घन. ८ मिमीला १.७ मेगापास्कल, म्हणजे पूर्ण निर्वातापेक्षा सतरा पट. निवांत राहा. पण जाडीचा घन आहे हे विसरू नका: ३ मिमी पत्र्याला हाच आकडा ९३ किलोपास्कल होतो, आणि निर्वात ९९ किलोपास्कल ओढतो. वर मातीचं वजन, नळीचा किंचित लंबगोलपणा. जिथे गंजून पत्रा पातळ झाला आहे तिथे हा हिशोब मूळ जाडीवर करणं धोक्याचं.

आता बेंड. दाबाची लाट सरळ तुकड्यातून जात असताना त्याच्या एका टोकाच्या बेंडवर वाढलेला दाब असतो, दुसऱ्यावर नसतो. तेवढ्या काळापुरतं बल असंतुलित. क्षणात बंद: १.७२ मेगापास्कल × ०.१९६ चौमी = ३३८ किलोन्यूटन, ३० मीटरच्या तुकड्यासाठी २६ मिलिसेकंद टिकणारं. दाब चढायला लागणारा काळ या २६ मिलिसेकंदांपेक्षा जास्त असेल तर बल त्या प्रमाणात घटतं. ११० मीटरची वाढ २.०९ सेकंदांत होते असं धरलं तर २१२ किलोन्यूटनऐवजी जेमतेम २.७. एका मॉडेलचे दोन निकाल, आणि अँकरच्या दृष्टीने त्यांत शंभर पटींचा फरक. चढण एकसारखी नसते, म्हणून आलेखातला सर्वांत तीव्र उतार घेऊन हे करा, सरासरी नको. (प्रत्येक बेंडवरचं दाब × क्षेत्रफळ हे कायमचं बल थ्रस्ट ब्लॉकला पेलावं लागतंच, ते वेगळं.)

अचानक बल आल्यावर लवचीक आधारावरची नळी स्थिर बलाच्या दुप्पटीपर्यंत सरकू शकते. म्हणून पाइप-स्ट्रेस मॉडेलमध्ये बलाचा काळानुसार आलेख भरा, शिखराचा एक आकडा नको.

नवशिका_द्रव

मग पाणी आणि पाइप एकत्र सोडवायचे कधी? थेट त्रिमितीय सीएफडी (प्रवाहाचं संगणकीय गणित) आणि एफईएम (पत्र्याच्या ताणांचं संगणकीय गणित) जोडून केलं तर सगळंच आपोआप येणार ना?

पोलादपत्रा

समतल यांचा पाइप जमिनीत घट्ट आहे. तिथे कोर्टेवेगच्या सूत्रातली पत्र्याची लवचीकता पुरेशी. जमिनीवरची, लोंबत्या आधारांची, बऱ्याच बेंडांची लाइन असेल तर एकत्र सोडवा. दोन कारणं. बेंड हलला की त्याने स्वतःच नवी दाबलाट पाठवली. आणि परिघात ताणलेला पत्रा लांबीत आखडतो, ती अक्षीय लाट पोलादातून ५०४७ मी/से वेगाने पुढे पळते आणि पाण्याची लाट पोचण्याआधीच दाबात छोटी हालचाल दाखवते. स्कॅलॅक यांनी १९५६ मध्ये हे मांडलं. चार समीकरणांचं मॉडेल त्यासाठी पुरतं: पाण्याचा दाब आणि वेग, पत्र्याचा अक्षीय ताण आणि वेग. दोन लाटवेगांचं गुणोत्तर ४.४, म्हणजे २२:५. जाळी त्या पटीत घेतली की दोन्ही लाटा इंटरपोलेशनविना बसतात.

त्रिमितीय जोडणीचं सांगायचं तर १२०० मीटर लांबीला तो मार्ग नाही. व्हॉल्व्हच्या तबकडीभोवतीच्या दोन-तीन मीटरला आहे, प्रवाह-गुणांक काढायला. तिथेही पातळ, हलक्या भिंतीच्या आत पाणी असेल तर आळीपाळीने सोडवणारी जोडणी अस्थिर होते: पाण्याचं जोडवस्तुमान भिंतीपेक्षा जड पडतं, आणि काळाची पायरी लहान केली की अस्थिरता वाढते. प्रत्येक पायरीत पुनरावृत्ती आणि एटकन रिलॅक्सेशन (प्रत्येक फेरीतली दुरुस्ती आपोआप कमी-जास्त करणं) लागतं.

समतल

खूप आभार. डीजीसीएम लिहायला घेतो. शेवटचा प्रश्न: क्षेत्रावर मोजलेला आलेख मिळाला तर मॉडेलमधल्या लाटा त्यापेक्षा हळू विरतात असं बहुतेक ठिकाणी वाचलं आहे. घर्षणांक वाढवून जुळवायचा का?

शीर्षरेषा

घर्षणांकाला हात लावू नका, त्याने स्थिर प्रवाहच बिघडेल. भिंतीजवळचं पाणी मधल्या पाण्याच्या आधी दिशा बदलतं, त्यामुळे बदलत्या प्रवाहात घर्षण जास्त असतं. ब्रुनोने पद्धतीची अस्थिर-घर्षणाची पद समीकरणात जोडा. वार्डी-ब्राउन यांच्या सूत्राने, तुमच्या साडेसात लाख रेनॉल्ड्स संख्येला, तिचा गुणक साधारण ०.००४ येतो. पहिल्या शिखरात फरक जाणवणारही नाही, पाचव्या-सहाव्या आवर्तनानंतर दिसू लागेल.

तेवढ्यानेही जुळलं नाही तर क्रमाने पाहा: आवर्तनकाळ जुळतोय का? मोजलेला काळ जास्त असेल तर हवा आहे किंवा लाटवेग चुकला आहे. काळ जुळतो पण उंची नाही, तर व्हॉल्व्हचा शेवटच्या १५ अंशांचा वक्र तपासा. आणि सेन्सर सेकंदाला किमान शंभर नोंदी घेतोय ना, ते सगळ्यात आधी. सेकंदाला एक नोंद घेणाऱ्या लॉगरला पोकळी मिटतानाचं अरुंद शिखर सापडेलच याची खात्री नसते.